साताऱ्याहून लांब काय, सांगली की चिपळूण?

साताऱ्याहून एसटीने निघणाऱ्याला विचारा, तो म्हणेल दोन्ही सारखीच लांब. महामार्गाने कराड, पेठनाका, आष्टा करत सांगली गाठा किंवा उंब्रजला वळून पाटण, कोयनानगर मागे टाकत कुंभार्ली घाटातून चिपळूणला उतरा. दोन्हीकडे सव्वाशे किलोमीटरच्या आसपास रस्ता आहे. पण सरळ रेषेत मोजलं तर सांगली 110 किलोमीटरवर आणि चिपळूण जेमतेम 56!

हा हिशोब शाळेतल्या भूमितीवर होतो. आपल्या भागात एक अक्षांश म्हणजे सुमारे 111 किलोमीटर आणि एक रेखांश म्हणजे सुमारे 106, कारण रेखांश ध्रुवांकडे जवळजवळ येत जातात. सातारा ते सांगली अक्षांशात 0.83 अंशांचा फरक, म्हणजे 92 किलोमीटर, रेखांशात 0.56 अंशांचा, म्हणजे 60. पायथागोरस लावला की कर्ण येतो 110. इतक्या छोट्या अंतराला पृथ्वीची गोलाई नडत नाही.

आता ताशी 850 किलोमीटरने उडणाऱ्या जेट विमानाला हे अंतर आठच मिनिटांचं वाटेल. तसं होत नाही. प्रवासी विमान साधारण तीन अंशांच्या उताराने खाली येतं, म्हणजे एक किलोमीटर उंची सोडायला त्याला 18-19 किलोमीटर पुढे जावं लागतं. अकरा किलोमीटर उंचीवरून उतरायला दोनशे किलोमीटर हवेत. उद्या सांगलीजवळ कवलापूरला मोठा विमानतळ झाला, तर एवढ्या उंचीवरून येणाऱ्या विमानाला पुण्याच्या आकाशातच उतार धरावा लागेल! त्यामुळे सातारा-सांगलीसारख्या टप्प्यावर विमान आपला खरा वेग कधी गाठणारच नाही.

तरीही छोट्या टप्प्यावर विमान कुठे परवडतं हे बघायचं, तर इक्वेडोरमध्ये किटो आणि ग्वायाकिल या शहरांत हवाई अंतर सुमारे 270 किलोमीटर. विमानाला पाऊण-एक तास लागतो, त्यातला बराचसा चढण्या-उतरण्यातच जातो. पण तिथे विमान परवडतं, कारण रस्ता अँडीज पर्वतातून उतरतो. सुमारे 420 किलोमीटर आणि आठेक तास.

साताऱ्याच्या पश्चिमेला तोच प्रकार आहे, आकाराने लहान. चिपळूणची सरळ रेषा सज्जनगडाजवळून निघते, उरमोडीचं खोरं, मग कोयनेचा शिवसागर जलाशय ओलांडते, दाट जंगलातून सह्याद्रीच्या माथ्यावर पोहोचते आणि तिथून एकदम कोकणात कोसळते. त्या रेषेवरून गाडी जाऊच शकत नाही. म्हणून रस्ता दक्षिणेला जाऊन धरणाला वळसा घालतो आणि अंतर दुपटीच्या वर जातं.

याचा खरा भार पडतो जलाशयापलीकडच्या कांदाटी खोऱ्यातल्या माणसांवर. सातारा त्यांना सरळ रेषेत पस्तीस-चाळीस किलोमीटर. पण आजारी माणसाला आधी लाँचने तापोळ्याला किंवा बामणोलीला आणायचं, मग घाटरस्ता. पावसाळ्यात वारा सुटला की लाँच थांबते. दवाखाना कुठे हवा हे ठरवताना नकाशावरच्या किलोमीटरपेक्षा हे तास मोजायला हवेत, असं मला मनापासून वाटतं. जलाशयावरच्या तापोळा-अहीर पुलाचं काम हाती घेतलं आहे. तो वापरात आल्यावर सरळ रेषा तेवढीच राहील, पण लाँचची वाट बघण्यात जाणारा वेळ तरी हिशोबातून गळेल.