मुंबई पाहावी, पण पायी

मुंबईत पाहुणा आला की त्याला काय दाखवायचे, याची यादी घरोघरी ठरलेली असते. गेटवे ऑफ इंडिया, राणीची बाग, हँगिंग गार्डन, गिरगाव चौपाटी आणि वेळ उरलाच तर महालक्ष्मी किंवा सिद्धिविनायक. टॅक्सीतून वा 'मुंबई दर्शन'च्या बसमधून ही स्थळे दिवसभरात उरकली जातात. पाहुणा छायाचित्रे घेऊन परततो. पण या वास्तू याच ठिकाणी का उभ्या राहिल्या, हे त्याला उमगलेले नसते. वास्तविक मुंबईतील सर्वांत महत्त्वाच्या वास्तू शहराच्या दक्षिण टोकाला, परस्परांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. त्यांना जोडणारा धागा म्हणजे आज अस्तित्वात नसलेली एक भिंत.

तट पडला, शहर वाढले

अठराव्या शतकाच्या प्रारंभी ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या वसाहतीभोवती तट उभारला. त्याला तीन दरवाजे होते. दक्षिणेला अपोलो गेट, पश्चिमेला चर्च गेट आणि उत्तरेला बाजार गेट. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले, तेथील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि भारतीय कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला. १८६२ मध्ये गव्हर्नर झालेल्या सर बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत हा जुना तट पाडण्यात आला आणि मोकळ्या झालेल्या जागेवर नव्या मुंबईची आखणी झाली. आज 'फोर्ट' हे नाव उरले आहे, किल्ला नाही. 'चर्चगेट' हे स्थानक आहे, दरवाजा नाही. हे एवढे ध्यानात ठेवून निघाले, तर पुढची अडीच किलोमीटरची पायपीट म्हणजे शहराचा इतिहास वाचण्यासारखे होते.

कमान, घुमट आणि घोडा

प्रारंभ अर्थातच गेटवेपासून करावा. १९११ मध्ये राजे पंचम जॉर्ज आणि राणी मेरी यांच्या भेटीच्या स्मरणार्थ ही कमान बांधण्याचे ठरले. गंमत अशी, की राजदांपत्य आले तेव्हा त्यांना दाखवायला केवळ पुठ्ठ्याची प्रतिकृती होती. जॉर्ज विटेट यांच्या आराखड्यानुसार बेसॉल्ट दगडातील प्रत्यक्ष वास्तू १९२४ मध्ये पूर्ण झाली. अवघ्या २४ वर्षांनी, २८ फेब्रुवारी १९४८ रोजी, ब्रिटिश फौजेची अखेरची तुकडी याच कमानीखालून मायदेशी रवाना झाली. स्वागतासाठी उभारलेली कमान निरोपासाठी उपयोगी पडली. समोरच १९०३ मध्ये सुरू झालेले ताजमहाल हॉटेल आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या दहशतवादी हल्ल्याची झळ सोसूनही ही वास्तू पुन्हा दिमाखात उभी आहे.

तेथून दहा मिनिटांवर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, म्हणजे पूर्वीचे प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम. याचेही वास्तुविशारद विटेटच. त्याचा घुमट पाहताना विजापूरच्या गोलघुमटाची आठवण व्हावी, अशीच त्याची रचना आहे. पहिल्या महायुद्धात या इमारतीत लष्करी रुग्णालय होते. संग्रहालय म्हणून ती १९२२ मध्ये खुली झाली. येथे किमान दोन तास राखून ठेवावेत.

संग्रहालयालगतचा परिसर काळा घोडा या नावाने ओळखला जातो. ज्या पुतळ्यावरून हे नाव पडले, तो राजे सातवे एडवर्ड यांचा अश्वारूढ पुतळा १९६५ मध्ये येथून हलवून भायखळ्याला राणीच्या बागेच्या परिसरात नेण्यात आला. स्वार गेला, घोडा गेला. पण नाव काही लोकांच्या तोंडून गेले नाही. अखेर २०१७ मध्ये स्वाराविना एक नवा काळा घोडा येथे बसविण्यात आला.

एका मैदानाच्या दोन बाजू

येथून ओव्हल मैदानाकडे वळावे. बहुतेक पर्यटक नेमके हेच स्थळ चुकवतात. मैदानाच्या मध्यावर उभे राहून पूर्वेकडे पाहिले की मुंबई विद्यापीठ, राजाबाई टॉवर आणि उच्च न्यायालय या एकोणिसाव्या शतकातील गॉथिक शैलीच्या दगडी इमारती दिसतात. पाठ फिरवली की पश्चिमेला १९३० च्या दशकातील आर्ट डेको शैलीच्या, गोलाकार सज्जांच्या निवासी इमारती. पूर्वेची रांग तट पाडून मिळालेल्या जागेची देणगी, तर पश्चिमेची समुद्र हटवून केलेल्या बॅक बे भरावाची. दोन शतके समोरासमोर उभी असलेले असे दृश्य दुर्मिळच. येथील ९४ इमारतींच्या समूहाला युनेस्कोने २०१८ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा दिला.

यांतील दोन वास्तूंपाशी थोडे थांबायला हवे. राजाबाई टॉवरला नाव आहे ते कापसाच्या व्यापारात अमाप पैसा मिळविलेले व्यापारी प्रेमचंद रायचंद यांच्या मातोश्रींचे. अमेरिकेतील युद्ध थांबताच १८६५ मध्ये मुंबईचा बाजार कोसळला आणि प्रेमचंदही त्यात सापडले. त्यांनी दिलेल्या देणगीतून उभा राहिलेला मनोरा मात्र १८७८ मध्ये पूर्ण झाला. शेजारच्या उच्च न्यायालयात १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला आणि त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली. निकालानंतरचे त्यांचे उद्गार त्या दालनाबाहेरील फलकावर कोरलेले आहेत.

हुतात्मा चौक ते बोरीबंदर

न्यायालयापासून काही पावलांवर हुतात्मा चौक. येथील फ्लोरा फाउंटन हे कारंजे १८६४ चे. जुने चर्च गेट जेथे होते, त्याच ठिकाणाजवळ ते बांधण्यात आले. त्याच्या शेजारी संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत प्राण गमावलेल्या शंभराहून अधिक हुतात्म्यांचे स्मारक आहे. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले, त्यामागची किंमत या ठिकाणी कळते. परप्रांतातील पाहुण्याला कारंजे दाखवताना शेजारच्या स्मारकाचीही माहिती सांगायला विसरू नये.

दादाभाई नौरोजी मार्गाने, दुतर्फा कमानींच्या सावलीतून चालत गेले की छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस समोर येते. जुन्या पिढीचे बोरीबंदर. १६ एप्रिल १८५३ रोजी येथूनच पहिली प्रवासी रेल्वेगाडी ठाण्याकडे धावली. आजची इमारत त्यानंतरची. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्या आराखड्यानुसार १८७८ मध्ये तिचे काम सुरू झाले आणि पूर्ण व्हायला दहा वर्षे लागली. मुंबईच्या कला विद्यालयातील, म्हणजे आजच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधील विद्यार्थ्यांनी तिच्या सजावटीला हात लावला. प्रवेशद्वाराच्या खांबांवर एकीकडे ब्रिटनचा सिंह, दुसरीकडे भारताचा वाघ. भिंतींवर मोर, माकडे आणि पाने-फुले. २००४ मध्ये या स्थानकाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. लोकल पकडण्याच्या घाईत रोज लाखो माणसे त्याखालून जातात, पण मान वर करून पाहणारा विरळाच. स्थानकासमोरची महापालिकेची इमारतही स्टीव्हन्स यांचीच, १८९३ सालची.

सूर्यास्ताला मरीन ड्राइव्ह गाठावा. दिवे लागल्यावर 'क्वीन्स नेकलेस' हे त्याचे नाव सार्थ का, हे वेगळे सांगावे लागत नाही.

दुसरा दिवस घारापुरीचा

आणखी एक दिवस हाताशी असेल, तर तो घारापुरीला द्यावा. गेटवेहून बोटीने सुमारे तासाभराचा प्रवास. प्रशासकीयदृष्ट्या हे बेट रायगड जिल्ह्यात येते, पण वाट मुंबईची. सहाव्या शतकातील मानली जाणारी ही लेणी १९८७ मध्ये जागतिक वारसा यादीत आली. 'त्रिमूर्ती' म्हणून प्रसिद्ध असलेले शिल्प ब्रह्मा-विष्णू-महेशाचे नव्हे, तर सदाशिवाचे आहे. भल्यामोठ्या मुखांवरील ती शांतता अनुभवायची, तर सकाळची पहिली बोट धरावी. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला 'एलिफंटा' म्हटले, तो मात्र येथे नाही. इंग्लंडला नेण्याच्या प्रयत्नात तो भंगला. जोडलेला हत्ती आज राणीच्या बागेच्या परिसरात, त्या काळ्या घोड्याच्या शेजारीच पाहायला मिळतो.

काही व्यावहारिक सूचना

घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात आणि पावसाळ्यात बोटींचा भरवसा नसतो. डिसेंबर २०२४ मध्ये याच जलमार्गावर भीषण अपघात झाला होता. त्यामुळे जीवरक्षक जाकीट घातल्याशिवाय बोटीत बसू नये. फोर्ट परिसरासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. रविवारी सकाळी रस्ते रिकामे असल्याने इमारती निवांतपणे न्याहाळता येतात. मात्र आतून पाहायच्या वास्तूंच्या वेळा आधी विचारून घ्याव्यात. उपनगरांतून येणाऱ्यांना चर्चगेट आणि सीएसएमटी ही दोन्ही स्थानके सोयीची आहेत. २०२५ मध्ये आरे ते कफ परेड भुयारी मेट्रो पूर्ण झाल्यापासून थेट हुतात्मा चौकातही उतरता येते.

यांतील बहुतेक वास्तू आजही वापरात आहेत. न्यायालयात खटले चालतात, विद्यापीठात वाचक येतात, स्थानकातून गाड्या सुटतात. वापरातल्या वास्तूंची झीज होते आणि त्या जपणे अधिक अवघड असते. १९९५ मध्ये मुंबईत वारसा जतनाची नियमावली आली, तिने पुष्कळ वाचवले. परंतु कोणताही नियम लोकांच्या आस्थेवाचून टिकत नाही, आणि ज्या वास्तूकडे कोणी कधी नीट पाहिलेच नाही, तिच्याविषयी आस्था यायची कोठून? म्हणूनच पुढच्या वेळी पाहुणा आला की टॅक्सी जरा दूरच थांबवावी आणि त्याच्यासोबत मुंबईकरानेही आपले शहर एकदा पायी पाहावे.