घरातल्या कॅलेंडरवरची चाँदची तारीख आणि समुद्राची भरती

जून लागला की मोहल्ल्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो: "आज दुपारी समुद्रात साडेचार मीटरच्या लाटा उसळणार, घराबाहेर पडू नका." माहीमपासून वर्सोव्यापर्यंत सगळ्या अम्मी, खाला घाबरतात. शाळेत फोन येतात, "टीचर, लवकर सोडणार का?" मी उर्दू माध्यमाच्या शाळेत भूगोल शिकवते, त्यामुळे हा प्रश्न दरवर्षी माझ्याच वाट्याला येतो. एकदाच नीट लिहून टाकावं म्हणून हा लेख.

आधी तो गैरसमज दूर करू. साडेचार मीटर ही लाटेची उंची नाही, भरतीच्या पाण्याची पातळी आहे. समुद्र मोठ्यात मोठ्या ओहोटीला जिथपर्यंत खाली उतरतो, साधारण त्या पातळीला शून्य धरतात. तिथून पाणी साडेचार मीटर वर चढणार, एवढाच त्याचा अर्थ. पाणी हळूहळू चढतं, सहा तास घेतं. लाटा त्याच्या वर असतात, आणि त्या वाऱ्यावर अवलंबून असतात. वारा पडलेला असेल तर साडेचार मीटरची भरतीसुद्धा गुपचूप येऊन जाते. बातमी देणारे "साडेचार मीटरच्या लाटा" लिहितात आणि दुमजली घराएवढी लाट लोकांच्या डोळ्यांसमोर उभी राहते.

मग महापालिका इशारा का देते? कारण मुंबईतलं पावसाचं पाणी ज्या तोंडांतून समुद्रात जातं, त्यातली बहुतेक भरतीच्या पातळीच्या खाली आहेत. भरती चढली की पाणी बाहेर जायच्या ऐवजी उलटं आत येऊ पाहतं, म्हणून दरवाजे बंद करावे लागतात. त्याच वेळी जोराचा पाऊस झाला तर पाणी जाणार कुठे? हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया, गझदरबंध इथे मोठे पंप बसवलेत ते यासाठीच. म्हणजे भीती बाळगायची ती भरती आणि पाऊस एकत्र आल्याची. नुसती भरती असेल तर रस्त्याला क्वचितच त्रास होतो.

२६ जुलै २००५ घ्या. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, हा आकडा आमच्या पिढीला पाठ आहे. पण त्या दिवशी दुपारी ४.४८ मीटरची भरती होती, आणि पावसाचा जोर दुपारनंतरच वाढला, हे फार कमी लोकांना आठवतं. मिठी नदी माहीमच्या खाडीत समुद्राला मिळते. तिचं तोंड भरतीने दाबलेलं आणि वरून आभाळ फाटलेलं. कुर्ला, बेहरामपाडा, कलिना इथल्या घरांनी ती रात्र कशी काढली ते घराघरात विचारा.

ती भरती दुपारी येणार, हे घरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवरूनही कळलं असतं.

कोळी बांधव पिढ्यान् पिढ्या एक हिशोब करतात: तिथीची पाउणकी. आजच्या तिथीला पाऊणने गुणा, जे येईल तितक्या वाजता भरती. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीन वाजता. आपल्याकडे तर तिथीच्या जागी चाँदची तारीख आहेच! दोन्ही चंद्रावरच चालतात. चाँदची १ तारीख साधारण शुद्ध द्वितीयेच्या सुमारास येते, म्हणून थोडा फरक पडतो, पण घरगुती अंदाजाला चालतो. तारीख १५ च्या पुढे गेली की तिच्यातून १५ वजा करायचे आणि उरेल त्याची पाउणकी काढायची. २६ जुलै २००५ ला चाँदची १८-१९ तारीख होती. १९ वजा १५, उरले ४. चार पाऊण तीन. १८ धरली तर तीन पाऊण सव्वादोन. खरी भरतीही दुपारचीच.

हे जमतं कसं? चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, आणि भरती त्याच्या मागे मागे असते. पाउणकीत एका दिवसाला ४५ मिनिटं येतात, म्हणजे जवळजवळ तेच. भरती दिवसातून दोनदा येते, साडेबारा तासांच्या जरा आत. दोन भरत्यांच्या मधोमध, भरतीनंतर सव्वासहा तासांनी, ओहोटी. चाँद दिसला की नाही यावरून एका दिवसाचा वाद झाला तरी समुद्राच्या हिशोबात फक्त पाऊण तासाचा फरक पडतो. (तेवढ्यावरून कोणी भांडत नाही, हे बरं.)

आता आपले सण लावून बघा. रमजान ईद म्हणजे शव्वालची १, भरती पाऊणच्या सुमारास. बासी ईद २, भरती दीडला. बकरी ईद आणि आशुरा १० तारखेला, म्हणजे भरती सकाळ-संध्याकाळ साडेसात-आठला आणि ओहोटी भर दुपारी. बारावफातला नऊच्या आसपास. ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकते. कधी उन्हाळ्यात, कधी पावसात, कधी थंडीत येते. पण भरतीची वेळ तिच्याबरोबर जशीच्या तशी चालते. रमजान ईद कुठल्याही मोसमात आली तरी जोहरच्या सुमारास समुद्र भरलेलाच असणार. ईदच्या दुपारी नवे कपडे घालून हाजी अलीला निघालेली कुटुंबं रस्त्याच्या तोंडाशी का ताटकळत उभी असतात, ते यावरून समजेल. उधाणाच्या भरतीला तो रस्ता पाण्याखाली जातो. संध्याकाळी जा, आरामात जाल.

आणि उधाण येतं नेमकं याच दिवसांत. अमावस्येला आणि पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र एका रेषेत येऊन समुद्राला ओढतात. त्याचा पूर्ण जोर एक-दोन दिवसांनी दिसतो, म्हणजे चाँदच्या १ ते ३ आणि १५ ते १७ तारखेला. तेव्हा भरती जास्त वर चढते आणि ओहोटी जास्त खाली जाते. ८-९ आणि २२-२३ च्या आसपास भांग, पाण्याची चढ-उतार कमी.

मला हा हिशोब वर्गात शिकवायची गरज का वाटली, ते सांगते. काही वर्षांपूर्वी बासी ईदला आमच्या नववीतली तीन मुलं सकाळी आठला बँडस्टँडच्या खडकांवर गेली. ओहोटी होती, खडक लांबपर्यंत उघडे, खेकडे, शंख, फोटो. भरती दीडला म्हणजे ओहोटी सव्वासातला, हिशोब बरोबर. मुलांचं लक्ष समोरच्या समुद्राकडे. साडेदहाला मागे वळून पाहिलं तर खडक आणि किनारा यांच्यामधल्या खोलगट भागात पाणी शिरलेलं. एकाला पोहता येत नव्हतं. किनाऱ्यावरच्या एका माणसाने दोर टाकला म्हणून तिघं घरी आली. त्यातल्या एकाचे अब्बा दुसऱ्या दिवशी शाळेत आले आणि माझ्यासमोर बसून काहीच बोलले नाहीत.

मुलांचं म्हणणं एकच, "टीचर, पाणी तर हळू येत होतं." पहिल्या तासात ते खरंच हळू येतं. उधाणाच्या दिवशी मुंबईत पाणी सहा तासांत साधारण बारा फूट चढतं, पण सारख्या वेगाने चढत नाही. पहिल्या तासात एक फूट, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यातही तीन, मग दोन, मग एक. पहिला तास बघून माणूस निश्चिंत होतो आणि तिसऱ्या तासात नववीच्या मुलाच्या कमरेपर्यंत पाणी वाढतं. शिवाय ते समोरूनच येतं असं नाही. आधी सखल जागा भरतात, आणि बँडस्टँडला सखल जागा तुमच्या पाठीमागे असतात.

म्हणून खडकांवर जायचंच असेल तर ओहोटीच्या आधी एक-दीड तास जा आणि ओहोटीची वेळ झाली की निघा. ओहोटी झाल्यावर जाऊ नका. पावसाळ्यात तर खडक आणि पाणी दोन्हीपासून लांब राहा, तिथे कुठलीच पाउणकी कामाची नाही. २०२३ च्या जूनमध्ये बिपरजॉय वादळाच्या दिवसांत जुहूला पोरं बुडाली, ती वेळ न बघितल्यामुळे नाही, खवळलेल्या समुद्रात उतरल्यामुळे.

हा अंदाज तासभर इकडे-तिकडे होऊ शकतो, विशेषतः भांगाच्या दिवसांत. गावी रत्नागिरीकडे गेलात तर भरती मुंबईपेक्षा थोडी आधी येते, उंचीही कमी असते. खाडीत आत मात्र उशिरा पोहोचते. नेमकी वेळ हवी असेल तर महापालिका रोज जाहीर करते ती बघा. मुंबईत पाणी भरलं किंवा कोणी अडकलं तर १९१६ वर फोन करा, चोवीस तास उचलतात.

आमच्या वर्गात फळ्याच्या कोपऱ्यात इंग्रजी तारखेखाली चाँदची तारीख लिहितात, आणि तिच्यापुढे भरतीची वेळ. हे काम त्या तिघांपैकी एकाने सुरू केलं होतं. तो आता कॉलेजात आहे. परवा एका सातवीच्या मुलीने २३ तारखेची वेळ पावणेसहा लिहिली. तेवीस वजा पंधरा आठ, आठ पाऊण सहा. तिला पुन्हा पाउणकी म्हणायला लावली.