चाळीस लाखांची भट्टी

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फौंड्रीच्या माडीवर, जेथे खालच्या मोल्डिंगचा धडधडाट आणि तापलेल्या वाळूचा वास यांची सवय माणसास आठवड्याभरात होऊन जाते, तेथल्या कचेरीत मी गेल्या वर्षी सुमारे चार महिने बसून काढले. फौंड्री माझ्या बालमित्राची. गावभर त्यास अण्णा म्हणतात. बँकेच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या मला दस्तऐवज वाचता येतात, एवढ्या एका पात्रतेवर त्याने मला बोलावून घेतले होते. मुंबईची एक गुंतवणूक संस्था त्याच्या कंपनीत ५ कोटी रुपये घालावयास राजी झाली होती. आणि तेही कर्जाऊ नव्हे, तर भागभांडवल म्हणून.

कर्जाचा मार्ग अण्णास अपरिचित होता असे नाही. एमआयडीसीच्या भूखंडाचा भाडेपट्टा, यंत्रसामग्री आणि राहते घर ही तिन्ही ९ कोटींच्या कर्जापोटी आधीच बँकेच्या तारणात होती. आणि नवी मोल्डिंग लाइन बसवून, ग्राहकाकडून नमुने पास करून घेऊन, नियमित मागणी सुरू होईपर्यंत जे वर्ष दीड वर्ष जावयाचे, तेवढा काळ हप्ता थांबत नाही, हे मी स्वतः तीस वर्षे दुसऱ्या बाजूस बसून पाहिलेले होते. भागभांडवलास हप्ता नसतो. त्याऐवजी त्यास प्रश्न असतात, ही गोष्ट मात्र अण्णास पुढे कळावयाची होती.

प्रश्नांची पहिली यादी सतरा पानांची आली. या तपासणीस त्या व्यवसायात ‘ड्यू डिलिजन्स’ म्हणतात. आमचे दिवाणजी अखेरपर्यंत तिला ‘झडती’ म्हणत राहिले, आणि त्यांचा शब्द मला अधिक यथार्थ वाटला. उद्यमनगरातील ज्या शेडमध्ये पॅटर्न ठेवले जातात ती जागा अण्णाच्या कैलासवासी वडिलांच्या नावावर असून वारसांची नोंद अद्याप झालेली नाही. कंपनी तेथे कोणत्या हक्काने वहिवाट करते याचा एकही कागद नाही. सूनबाई पगारपत्रकावर आहेत, परंतु कारखान्यात त्यांस कोणी पाहिलेले नाही. आणि निम्म्याहून अधिक माल ज्या एका ग्राहकाकडे जातो त्याच्याशी पंचवीस वर्षांत एका ओळीचाही करार झालेला नाही, असे एकामागून एक बाहेर येऊ लागले. यात लबाडी कोठेही नव्हती. घर आणि कारखाना यांच्यामध्ये भिंत घालण्याची गरज आजवर कोणास भासली नव्हती, इतकेच.

संस्थेतर्फे आलेल्या दोघांपैकी तरुण मुलगी दुसऱ्या दिवशी कागद बाजूला ठेवून खाली यार्डात गेली आणि नापास कास्टिंगच्या ढिगापाशी उभी राहिली. या ढिगाची नोंद कोणत्या वहीत होते, असे तिने विचारले. अण्णा हसला. “मॅडम, ते परत भट्टीतच जातंय. लोखंड जातंय कुठं?”

“लोखंड जात नाही, सर. वीज जाते.”

त्या ढिगातील प्रत्येक नग एकदा वितळला होता, ओतला होता, थंड होऊन घासलाही गेला होता, आणि ते सारे पुन्हा व्हावयाचे होते. शेकडा किती नग नापास होतात हा आकडा, ज्यावर फौंड्रीचा नफा जगतो अथवा मरतो, तो अण्णाच्या डोक्यात होता, वहीत नव्हता. त्या दिवशी तो जेवणास घरी गेला नाही.

मोल बसविण्याचा दिवस मला विशेष स्मरतो. व्याज, घसारा आणि कर वजा होण्यापूर्वीचा वर्षाचा नफा ४ कोटी. उभयपक्षी ठरलेल्या सहाच्या पटीने २४ कोटी. त्यातून कर्जाचे ९ कोटी गेले की कंपनीचे मोल १५ कोटी. येथपर्यंत मुळीच वाद नव्हता. १५ कोटींच्या कंपनीत ५ कोटी म्हणजे तिसरा हिस्सा गेला, अशी अण्णाची समजूत होती. परंतु येणारी रक्कम कंपनीच्याच पेटीत पडत असल्यामुळे भागाकार २० कोटींनी करावयाचा आणि हिस्सा चौथाच जातो, हे ऐकून त्याने सर्वांस चहा मागविला.

चहा येण्यापूर्वीच जुन्या इंडक्शन भट्टीचा विषय निघाला. हिशेबात जिची किंमत जवळजवळ शून्यावर आली होती ती भट्टी त्या वर्षी विकली गेली होती, आणि आलेले ४० लाख नफ्यात धरलेले होते. भट्टी दरवर्षी विकली जात नाही. सबब ते ४० लाख वगळले. नफा राहिला ३ कोटी ६० लाख, आणि सहापटीच्या न्यायाने कंपनीचे मोल एका ओळीत २ कोटी ४० लाखांनी उतरले. अण्णा माझ्याकडे वळून म्हणाला, “चाळीस लाखांची भट्टी मी विकली, मग हे दोन कोटी चाळीस लाख कुणी नेले रे?”

ज्या खर्चांची त्यास लाज वाटत होती, त्यांनीच त्यास थोडा हात दिला, हा त्यातील विनोद. सूनबाईंचा पगार आणि घरच्या मोटारीचा खर्च नफ्यात परत मिळविण्यात आला, उद्यमनगरच्या शेडचे वाजवी भाडे वजा झाले, आणि निव्वळ १० लाख पदरात पडून मोल १३ कोटी २० लाखांवर स्थिरावले. हिस्सा गेला साडेसत्तावीस टक्क्यांच्या जवळपास.

याच मुंबईत १९०७ साली टाटांच्या पोलाद कंपनीचे भाग घेण्यास सुमारे ८,००० माणसे तीन आठवड्यांत पुढे आली होती. ते स्वदेशीचे दिवस होते, आणि भाग जाहीरपणे विक्रीस काढलेले होते. खासगी कंपनीस ती मुभा नाही. २०१३च्या कायद्यान्वये तिने आर्थिक वर्षात २०० हून अधिक निवडक व्यक्तींस भाग देऊ करावयाचे नाहीत, जाहिरात करावयाची नाही, आणि रोकड तर स्वीकारावयाचीच नाही. तेव्हा अण्णाच्या वाट्यास आठ हजारांचा उत्साह आला नाही. दोन माणसांची बारीक नजर आली.

करारनाम्याच्या मसुद्यातील बहुतेक शर्ती त्याने शांतपणे ऐकल्या: संचालक मंडळावर त्यांचा एक माणूस, ठराविक रकमेवरील कर्जास त्यांची संमती, दरमहा हिशेब. सहा वर्षांत त्यांस बाहेर पडण्याचा मार्ग न मिळाल्यास सबंध कंपनी विकावयास लावण्याचा त्यांचा अधिकार मात्र वहिनींच्या ध्यानात प्रथम आला. “निघताना आमचंही घेऊन निघणार का?” एवढेच त्या म्हणाल्या, त्या एका वाक्याने ते कलम तीन आठवडे अडले, आणि अखेर असा ग्राहक आल्यास प्रथम अण्णाने त्याच भावात त्यांचे भाग घ्यावेत, अशी तोड निघाली.

विशेष ठरावाची सभा घरच्याच जेवणाच्या टेबलावर झाली. भागधारक म्हणजे अण्णा, वहिनी आणि चिरंजीव. पुढे रक्कम बँकेतील स्वतंत्र खात्यात जमा झाली, भागांचे वाटप झाले, परंतु त्या वाटपाचे विवरण कंपनी निबंधकांकडे दाखल होईपर्यंत तीतील एक पैही खर्चता येत नाही, असा कायदा आहे. मोल्डिंग लाइनवाल्याचे फोन येत होते. ५ कोटी खात्यात दिसत असताना अण्णाने त्या आठवड्याचा पगार नेहमीच्या ओव्हरड्राफ्टमधून भागविला.

विवरण दाखल झाल्याची पोच आली त्या सायंकाळी तो कचेरीत नव्हता. खाली यार्डात नापास मालाच्या ढिगाशेजारी त्याने वजनकाटा मांडला होता, पोरे नग चढवीत होती, आणि दिवाणजी “हे परत वितळायचंच आहे की” असे प्रत्येक खेपेस पुटपुटत, कोऱ्या वहीत आकडे उतरून घेत होते.