लादलेली मर्यादा आणि निवडलेली मर्यादा : ग्राफिक्स कार्डाचा ताप

लॅपटॉप तापतो, पंखा घोंघावतो आणि ऐन कामात पडदा काळा होतो. लिनक्स वापरणाऱ्या पुष्कळांची ही तक्रार असते, आणि मूळ अनेकदा ग्राफिक्स कार्डात असतं. त्यावरचा एक उपाय आज आपण समजून घेऊ : कार्डाचा वेग मुद्दाम कमी ठेवणे, म्हणजेच अंडरक्लॉकिंग.

पहिला आक्षेप ठरलेला. पैसे मोजून घेतलेला वेग आपण होऊन का सोडायचा? आम्ही म्हणतो, तुम्ही नाही सोडलात तर कार्ड सोडतंच. ठरावीक तापमानाला पोचलं की ते स्वतःला आवरतं, निवलं की पुन्हा धावतं, पुन्हा तापतं. खेळ किंवा व्हिडिओ मधूनच अडखळतो तो यामुळे. ही लादलेली मर्यादा. अंडरक्लॉकिंग ही निवडलेली मर्यादा. तिच्यात वेग थोडा कमी, पण स्थिर राहतो.

आता हिशोब पाहू. चिप काम करताना जी वीज खाते ती वारंवारिता आणि व्होल्टेजचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. वेग उतरला की सहसा व्होल्टेजही उतरतं. समजा वेग २० टक्के आणि व्होल्टेज १० टक्के कमी झालं. ०.८ गुणिले ०.९ गुणिले ०.९, म्हणजे सुमारे ०.६५. वेगाचा पाचवा हिस्सा सोडला, आणि या विजेचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग वाचला. तेवढी उष्णताही टळली. बऱ्याच लॅपटॉपांत प्रोसेसर आणि कार्ड यांना उष्णता वाहून नेणारी नळी एकच असते, म्हणून प्रोसेसरलाही आराम मिळतो.

कृती अशी. आधी मोजा : 'सेन्सर्स' ही आज्ञा तापमान दाखवते. एनव्हिडियाच्या ड्रायव्हरसोबत 'एनव्हिडिया-एसएमआय' येतं. नव्या पिढ्यांच्या कार्डांवर त्यातल्या 'लॉक-जीपीयू-क्लॉक्स' या पर्यायाने किमान आणि कमाल वेग बांधता येतो. एएमडीसाठी कर्नल 'सिस' या फोल्डरखाली फायली उघड्या ठेवतं. 'पॉवर_डीपीएम_फोर्स_परफॉर्मन्स_लेव्हल' या फायलीत 'लो' लिहिलं की कार्ड सर्वांत खालच्या वेगावर थांबतं, 'ऑटो' लिहिलं की पूर्ववत होतं. दोन्हीकडे रूटचा अधिकार लागतो. कमाल वेग एकदम पाडू नका. थोडा उतरवा, नेहमीचं काम अर्धा तास चालवा, पुन्हा मोजा.

मशीन बंद करून सुरू केलं की हे सगळं पुसलं जातं. म्हणून प्रयोग करायला भीती नाही. पटलेला आकडा कायम हवा असेल तर सिस्टमडीची एक छोटी सर्व्हिस लिहून ठेवावी.

एक मात्र विसरू नका. पंख्यात धूळ साचली असेल, थर्मल पेस्ट वाळली असेल, तर आधी ते बघा. मर्यादा निवडायची ती सुस्थितीतल्या यंत्रासाठी. नादुरुस्ती झाकण्यासाठी नव्हे.