खानोलकर, वसंत रामजी

खानोलकर, वसंत रामजी : (१३ एप्रिल १८९५–२९ ऑक्टोबर १९७८). भारतीय विकृतिवैज्ञानिक. कर्करोग व कुष्ठरोग यांवरील संशोधनाबद्दल प्रसिद्ध. लंडन विद्यापीठाची विकृतिविज्ञानातील एम्‌. डी. पदवी त्यांनी १९२३ मध्ये मिळविली. नंतर मुंबईच्या ग्रँट व सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयांत त्यांनी अध्यापन केले. १९४१ मध्ये सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या प्रयोगशाळांचे ते संचालक होते.

रोगाचे अधिष्ठान संपूर्ण अवयवात नसून त्यातील ऊतकांत (समान कोशिकांच्या समूहांत) असते, हा विचार फ्रेंच शारीरविज्ञ झाव्ह्ये बिशा (१७७१–१८०२) यांनी शवविच्छेदनाच्या आधारे मांडला. पुढे सूक्ष्मदर्शकामुळे तो दृढ झाला. खानोलकरांनी ऊतकपरीक्षेला रुग्णाच्या राहणीच्या अभ्यासाची जोड दिली. १९४५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्याने चालीरीतींशी निगडित असे कर्करोगाचे तीन प्रकार वर्णिले. धोतर कमरेला घट्ट बांधल्याने सतत घर्षण होऊन त्या जागी होणारा त्वचेचा कर्करोग हा पहिला; चुट्ट्याचे जळते टोक तोंडात धरून ओढणाऱ्यांना होणारा टाळूचा दुसरा; चुना-तंबाखू खालच्या ओठामागे धरून ठेवणाऱ्यांना त्याच जागी होणारा तिसरा. चिथावणी जेथे दीर्घकाळ होते तेथेच रोग उद्‌भवतो, हे यावरून दिसून आले. सवय सोडल्यास असा कर्करोग बव्हंशी टाळता येतो, हे त्याचे व्यावहारिक फलित होय.

कुष्ठरोगाच्या आरंभीच्या विकृतींचे, विशेषतः तंत्रिकांतील बदलांचे, त्यांनी सूक्ष्म निरीक्षण केले. १९५२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते संचालक होते. मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपदही त्यांनी भूषविले. भारत सरकारने त्यांना पद्मभूषण किताब दिला.

धोतराचा वापर ओसरल्याने पहिला प्रकार आता विरळा झाला आहे. तंबाखूचे तसे नाही. कोल्हापूर-निपाणी हा तंबाखूच्या लागवडीचा जुना टापू असून चुना-तंबाखू मळण्याची सवय महाराष्ट्रात सर्वत्र आढळते. राज्यात गुटख्यावर २०१२ मध्ये बंदी आली. तरी भारतीय पुरुषांत मुखाचा कर्करोग आजही प्रमुख कर्करोगांपैकी एक आहे.