उन्हाळ्यात आधी हार्ड डिस्क सांभाळा

मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे पारा ४५च्या पुढे सरकला की घरोघरचे डेस्कटॉप चालता चालता बंद पडू लागतात. घरचे म्हणतात, कॉम्प्युटर गेला. बऱ्याचदा तो गेलेला नसतो, त्यानं स्वतःला वाचवलेलं असतं. बहुतेक प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या आसपास पोचले की आपला वेग उतरवतात आणि तेवढ्यानं भागलं नाही तर मशीन बंद होतं.

मला काळजी वाटते ती शेजारी ठेवलेल्या एक्स्टर्नल हार्ड डिस्कची. लग्नाचे व्हिडिओ, मुलांचे फोटो, घराच्या कागदपत्रांचे स्कॅन, सगळं तिच्यात. प्रोसेसरसारखं स्वतःला सावरणं तिला जमत नाही. कॉपीचं काम दिलं की ती तापत तापत ते करत राहते. बऱ्याच एक्स्टर्नल डिस्कच्या माहितीपत्रकात खोलीचं तापमान ३५ अंशांपर्यंतच चालेल असं लिहिलेलं असतं. विदर्भात दुपारी पंख्याखालची खोलीसुद्धा त्याच्या वर असते आणि बिनपंख्याच्या प्लास्टिकच्या खोक्यातली डिस्क खोलीपेक्षाही बरीच गरम होते.

गूगलनं २००७ साली आपल्याकडच्या एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. थोड्याफार उष्णतेनं डिस्क लगेच बिघडते, ही समजूत त्यात टिकली नाही. मात्र तीन-चार वर्षं वापरलेल्या डिस्क ४५ अंशांच्या वर गेल्या की बिघाडाचं प्रमाण वाढलेलं दिसलं. आपल्या घरातल्या डिस्क बहुधा याच वयाच्या असतात.

म्हणून डिस्क कॅबिनेटच्या डोक्यावर, राउटरवर किंवा तिच्या कापडी पाऊचमध्ये ठेवून चालवू नका. टेबलावर मोकळी ठेवा. मोठी कॉपी पहाटे लावा, तीही टप्प्याटप्प्यानं. काम झालं की रीतसर ‘इजेक्ट’ करून वायर काढा. दिवसभर उगाच जोडून ठेवू नका. क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर बहुतेक डिस्कचं तापमान दाखवतं. आकडा ५०च्या पुढे गेला तर कॉपी थांबवा.

आता कॅबिनेटकडे वळू. पंखा कितीही जोरात फिरला तरी खोलीच्या तापमानाखाली काही नेऊ शकत नाही. तो फक्त आतली गरम हवा बाहेर टाकतो. आपल्याकडच्या कॉम्प्युटर टेबलांना सीपीयूसाठी दाराचा कप्पा असतो, ती मला सर्वांत घातक सोय वाटते. बाहेर टाकलेली हवा तिथंच कोंडते आणि पंखा तीच पुन्हा आत ओढतो. ते दार काढून टाका. मागच्या बाजूला भिंतीपासून वीतभर जागा सोडा.

कूलरच्या घरात आणखी एक गोष्ट होते. दमट हवेत धूळ सुटी राहत नाही. हीट सिंकच्या बारीक पात्यांमध्ये ती ओली होऊन बसते, वाळते आणि घोंगडीसारखा थर धरते. मग पंखा ओरडतो, पण पात्यांमधून हवा जात नाही. कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर येऊ देऊ नका. त्यासोबत पाण्याचे तुषारही येतात. बाजूचं झाकण काढून ठेवणं हाही उपाय नव्हे. त्यानं धूळ वाढते आणि पुढून मागे वाहणारी हवा विस्कटते.

उन्हाळ्याच्या आधी, प्लग काढून, झाकण उघडून मऊ ब्रशनं धूळ सुटी करा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा, नाहीतर ते भलत्या वेगानं फिरतं आणि बेअरिंग खराब होतं. स्वच्छ करूनही प्रोसेसर तापत असेल तर त्याच्यावरची थर्मल पेस्ट वाळलेली असू शकते. मशीन पाच-सहा वर्षांचं असेल तर ती दुकानातून बदलून घ्या.

तापलेली डिस्क गार करायला फ्रीजमध्ये ठेवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नका. बाहेर काढताच तिच्यावर पाणी धरतं. तिला पंख्याखाली तासभर बंद राहू द्या. आणि जे फोटो पुन्हा काढता येणार नाहीत, त्यांची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर याच आठवड्यात करून ठेवा.