रविवारची अंघोळ आणि रोजचा कंगवा

एप्रिल लागला की जळगाव-धुळ्याकडच्या घरांत एक प्रश्न हमखास निघतो: कुत्र्याला आता रोज अंघोळ घालायची का? विचारणाऱ्याचंही बरोबर आहे. पारा ४४-४५ अंशांवर गेला की आपण स्वतःच सकाळ-संध्याकाळ बादली घेऊन बसतो. पण आपल्याला अंगभर घाम येतो, तो धुवावा लागतो. कुत्र्याला घाम येतो तो जवळजवळ फक्त पायाच्या गाद्यांना. बाकी उष्णता तो जीभ बाहेर काढून, धापा टाकून घालवतो. त्याच्या अंगावर घामाची पुटं चढतच नाहीत, तेव्हा रोज शॅम्पू कशासाठी?

गार करायचं असेल तर पोट, जांघा आणि पंजे साध्या पाण्याने ओले करा आणि त्याला पंख्याखाली सावलीत बसू द्या. एवढ्याला शॅम्पू लागत नाही, बादलीभर पाणीही लागत नाही. नळाला रोज पाणी न येणाऱ्या शहरात हा हिशेबही मोठा आहे. एक काळजी मात्र घ्या. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी मे महिन्यात दुपारी चटका बसेल इतकं तापलेलं असतं. आधी आपला हात धरून बघा, मग पाइप कुत्र्यावर धरा. डांबरी रस्त्याचंही तसंच. हाताची मागची बाजू पाच-सात सेकंद टेकवता येत नसेल, तर त्या रस्त्यावर कुत्र्याचे पंजे भाजतात.

साध्या आखूड केसांच्या कुत्र्याला महिन्या-दोन महिन्यांतून एकदा अंघोळ पुरते. चिखलात लोळला, घाणीत तोंड घातलं, तर गोष्ट वेगळी. आपली त्वचा आम्लधर्मी असते, तिचा पीएच साडेपाचच्या आसपास. कुत्र्याची सातच्या वर आणि आपल्यापेक्षा पातळ. ‘माणसाचा साबण चालतो की, काय होतं त्याला!’ असं म्हणत दर रविवारी वडी घासली की अंगावरचा नैसर्गिक तेलकटपणा जातो, कातडी कोरडी पडते, कोंडा होतो, कुत्रा खाजवू लागतो. मग खाज येते म्हणून पुन्हा अंघोळ! डॉक्टरांनी औषधी शॅम्पू दिला असेल तर तो ते सांगतील तेवढ्या वेळा वापरायचा. त्यातही बहुतेकांची एक चूक होते, फेस झाला की लगेच पाणी ओततात. तो फेस साधारण दहा मिनिटं अंगावर राहायला हवा.

उन्हाळ्यातला सर्वांत महागात पडणारा गैरसमज म्हणजे पॉमेरियन, जर्मन शेफर्ड किंवा हस्कीला मशीन फिरवून गुळगुळीत करणं. या कुत्र्यांना केसांचे दोन थर असतात. वरचे राठ केस ऊन अडवतात, आतली मऊ लव थंडीत ऊब धरते. मशीनने दोन्ही जातात आणि खानदेशातलं ऊन थेट कातडीवर पडतं. काही कुत्र्यांचे केस पुढे कित्येक महिने येत नाहीत, आले तरी ठिगळं दिसतात. काढायची असते ती आतली सुटलेली लव, आणि ती कंगव्याने निघते. कंगवा कातडीपर्यंत गेला पाहिजे. वरवर फिरवला तर पाठ चकाचक दिसते आणि कानामागे, काखेत, शेपटीच्या बुडाशी जटा तशाच राहतात. रोज दहा मिनिटं असा हात फिरला की गाठ, जखम, गोचीड, सगळं वेळेवर सापडतं. माझ्या मते घरच्या ग्रूमिंगचा बारा आणे भाग एवढाच. उरलेल्यात नखं आणि कान. फरशीवर चालताना नखं टकटक वाजू लागली की कापायची वेळ झाली. कानात इअरबड घालू नका, मळ आत ढकलला जातो.

धुळ्यातली थंडीही काही कमी नाही, डिसेंबर-जानेवारीत पारा सात-आठ अंशांखाली उतरतो. तेव्हा अंघोळ घालायचीच असेल तर भर दुपारी, कोमट पाण्याने, आणि लगेच कोरडं पुसून.

मांजराला अंघोळ लागत नाही. जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवून दिलं की मांजराच्या जिभेवरच्या काट्यांची टोकं पन्हळीसारखी पोकळ असतात आणि ती लाळ थेट कातडीपर्यंत पोचवतात. त्यातून सफाई होते, थंडावाही मिळतो. पर्शियनसारख्या लांब केसांच्या मांजराला रोज विंचरावं लागतं, ते वेगळं. उलट, मांजराने अंग चाटणं सोडलं तर ते आजारी समजावं. आणि डेटॉल, फिनेल मांजराच्या आसपासही नको. असली रसायनं पचवायची ताकद त्याच्या यकृतात नसते, आणि अंगावर लागलेलं ते चाटणारच. कुत्र्याच्या मानेवर टाकायच्या ज्या गोचीड-औषधात परमेथ्रिन असतं, त्याने मांजर मरू शकतं. सशालाही पाण्यात बुडवू नका, तो धसक्याने दगावू शकतो.

आपल्याकडे उन्हाळ्यात ज्या जनावराला पाणी खरोखर लागतं, ते म्हणजे म्हैस. काळी कातडी, विरळ केस आणि गायीपेक्षा कितीतरी कमी घामग्रंथी. तिला डुंबायला मिळालं नाही तर दूध कमी होतं. पोळ्याला बैल हौसेने धुतले जातात, म्हशीला मात्र चैत्र-वैशाखात रोज पाणी हवं.

राहिली गोचीड. ‘कडुलिंबाच्या पाण्याने धुतलं की जाते’ हा समज फार पक्का आहे. ती जात नाही. मादी रक्त पिऊन फुगली की कुत्र्यावरून उतरते आणि भिंतीच्या भेगांत हजारो अंडी घालते. म्हणून कुत्र्याला डॉक्टरांनी दिलेलं औषध आणि घरातल्या भेगांचा बंदोबस्त, दोन्ही एकदमच करावं लागतं. औषध मानेवर टाकायचं असेल तर आधी आणि नंतर दोन दिवस अंघोळ नको, औषध वाहून जातं. दिसलेली गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, बोटांनी चिरडू नका. रॉकेल किंवा गॅरेजमधलं जळकं ऑइल तर खरजेलाही लावायचं नाही. कातडी भाजते आणि चाटल्यावर विष पोटात जातं.

गोचीड चावल्यावर एर्लिकिया आणि बबेसिया हे रक्ताचे आजार होतात. कुत्र्याने खाणं सोडलं, अंग तापलं, हिरड्या पांढुरक्या पडल्या, नाकातून रक्त आलं किंवा लघवी कॉफीच्या रंगाची झाली, तर अंघोळ घालत बसू नका. त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे नेऊन रक्त तपासून घ्या.